चोवीस उंदीर की चार?

पंचवीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदराच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. चहाचा चमचा अर्धासुद्धा भरणार नाही. त्यातलं एका खेपेला दहा टक्क्यांच्या वर काढू नये, असा प्राणीप्रयोगांतला सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे १७०-१८० मायक्रोलिटर, तीन-चार थेंब. त्याहून जास्त काढलं की जनावर गळून जातं, आणि आपण मोजतोय ते औषधाचं वागणं की रक्तस्रावाचा परिणाम, हे सांगता येत नाही.

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी मला एका औषधाची रक्तातली पातळी उंदरांमध्ये मोजायची होती. औषध तोंडावाटे द्यायचं, मग पाव तास, अर्धा तास, एक, दोन, चार, सहा, आठ आणि चोवीस तासांनी रक्त घ्यायचं. कॉलेजात एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र होतं, साध्या अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टरचं. त्याला माझं औषध दिसायचं तर एका नमुन्यामागे २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव, लागत होता. रक्तातला जवळजवळ निम्मा भाग पेशींचा असतो, त्यामुळे तेवढ्या प्लाझ्मासाठी ४०० ते ५०० मायक्रोलिटर रक्त हवं. इतकं रक्त एका खेपेला काढलं की उंदीर जगण्याची खात्री नसते. म्हणून वेळ झाली की भूल द्यायची, हृदयातून सुईने रक्त ओढून घ्यायचं आणि तो उंदीर तिथेच संपायचा. प्रत्येक वेळेला तीन, अशा आठ वेळा. चोवीस.

प्राणीगृहातले मामा पिंजरे आणून द्यायचे. उंदरांच्या अंगावर पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या खुणा केलेल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीच्या मुळाशी. “ताई, अर्ध्या तासाचे तिघं आणू का?” असं मामा विचारायचे. आठवड्याभराने भारनियमनात फ्रीझर रात्रभर बंद पडला. तीन वेळांचे नमुने वितळून वाया गेले. प्राणी नीतिसमितीची पुन्हा परवानगी काढली, नऊ उंदीर पुन्हा आणले. माझ्या प्रबंधातला आलेख चोवीस उंदरांचा आहे. बाकीच्या नऊंचा त्यात उल्लेख नाही, आणि ही गोष्ट मला आजही बोचते.

मला म्हणायचंय ते हे, की तो चोवीसचा आकडा आमच्या यंत्राने ठरवला होता. औषधाच्या शास्त्राने तो मागितलेला नव्हता. एलसी-एमएस, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीला वस्तुमान-वर्णपटमापक जोडलेलं यंत्र, बहुतेक औषधांचं हेच काम १० ते २० मायक्रोलिटर रक्तात करतं. वीस मायक्रोलिटरचे आठ नमुने म्हणजे १६० मायक्रोलिटर. दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसतात. शेपटीच्या शिरेला बारीकशी चीर द्यायची, रक्त गोठू न देणारं हेपरिन लावलेली केशनलिका टेकवायची, रक्त आपोआप वर चढतं. एकाच उंदराचं चोवीस तासांचं चित्र मिळतं, आणि प्रयोग संपल्यावर उंदीर पिंजऱ्यात परत जातो. असे चार उंदीर घेतले तरी माझ्या प्रबंधाचं काम झालं असतं, आणि माझ्या चोवीसांपेक्षा चांगलं झालं असतं.

चांगलं कसं, ते सांगायला हवं, कारण बरेच लोक याकडे फक्त भूतदयेचा प्रश्न म्हणून बघतात. चोवीस उंदरांतून जो आलेख मी काढला तो जगातल्या एकाही उंदराचा नव्हता. पाव तासाचे तीन ठिपके तिघांचे, अर्ध्या तासाचे दुसऱ्या तिघांचे. मी त्यांच्या सरासऱ्या जोडून रेघ ओढली. समजा, दोन तासांच्या तिघांपैकी एकाला औषध देताना नळी नीट गेली नाही आणि निम्मं तोंडातून बाहेर आलं. माझ्या आलेखात दोन तासांना खड्डा दिसेल, आणि मी त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण शोधत बसेन. काही औषधं पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि तिथून पुन्हा रक्तात येतात. त्यामुळे पातळी एकदा उतरून पुन्हा चढते. हा दुसरा चढ खरा की तिघांच्या फरकामुळे दिसणारा भास, हे असल्या जोडकामाच्या आलेखातून कळायला मार्ग नाही. एकाच उंदराचे आठही नमुने हातात असले तर ज्याला डोस कमी गेला त्याची सगळीच रेघ खाली दिसते. चूक झाकली जात नाही.

आता थोडं मागे जाते, कारण ‘मुळात रक्तातली पातळी मोजायचीच कशाला’ असा प्रश्न प्राध्यापकांकडूनही ऐकला आहे. औषध दिलं, सूज कमी झाली, साखर उतरली, झालं की! आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत हेच असतं. वनस्पतीचा अर्क किंवा नवं संयुग, इतके मिलिग्रॅम प्रतिकिलो, सहा-सहा रॅटचे (उंदरापेक्षा बरेच मोठे प्रयोगशाळेतले प्राणी) पाच-सहा गट, शेवटी स्तंभालेख. त्या रॅटच्या रक्तात औषध पोचलं का, किती पोचलं, किती वेळ टिकलं, याचा एकही आकडा नाही. डोस म्हणजे आपण तोंडात काय घातलं ते. शरीराला काय मिळालं, ही वेगळी गोष्ट आहे.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या फोडणीतलं आहे. हळदीतलं करक्युमिन पेशींवर, काचेच्या भांड्यात, भलतंच गुणकारी दिसतं. १९७८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी रॅटना ते किलोमागे एक ग्रॅम या हिशेबाने खाऊ घातलं. हा डोस प्रचंडच आहे. सुमारे ७५ टक्के करक्युमिन विष्ठेतून तसंच बाहेर पडलं, आणि प्लाझ्मात जेमतेम नावापुरतं सापडलं. पुढे १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी काळ्या मिरीतलं पायपरिन जोडीला देऊन पाहिलं. रॅटमध्ये करक्युमिनची रक्तातली उपलब्धता १५४ टक्क्यांनी वाढली. माणसांमध्ये, दोन ग्रॅम करक्युमिनसोबत फक्त २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर, ही वाढ २००० टक्के निघाली. नुसतं करक्युमिन घेतलेल्या माणसांच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नव्हतं, म्हणून एवढा मोठा आकडा.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रॅट आणि माणूस किती वेगळे आहेत हेही त्यांनीच सांगितलं, आणि मिरीने काय होतं हेही. पातळी मोजली नसती तर नुसत्या डोसवरून यातलं काहीच कळलं नसतं. उंदराचं हृदय मिनिटाला पाच-सहाशे वेळा धडधडतं, त्याचं यकृत औषधाचा फडशा झपाट्याने पाडतं. त्याचा मिलिग्रॅम-प्रतिकिलोचा डोस माणसाला लावायचा तर ढोबळ नियमाने बाराने भागावा लागतो. प्राण्यावरून माणसाकडे जायला त्यातल्या त्यात भरवशाचा पूल एकच, रक्तातली पातळी. तो पूल न बांधता शेकडो रॅट वापरायचे आणि ‘परिणाम आढळला’ असं लिहायचं, याला मी त्या प्राण्यांचा अपव्यय म्हणते. हा शब्द मी जपून वापरते आहे.

औषध कंपन्यांच्या जगात हे फार पूर्वी मान्य झालं. नव्या औषधाच्या विषारीपणाच्या चाचण्यांमध्ये प्राण्याच्या रक्तातली पातळी मोजलीच पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व १९९४ मध्ये ठरलं. पण त्यातून एक वेगळीच अडचण उभी राहिली. मुख्य गटातल्या रॅटचं रक्त काढलं तर त्यांच्या रक्ततपासण्या बिघडतात. मग फक्त रक्त काढण्यासाठी वेगळे रॅट ठेवायचे, त्यांना ‘सॅटेलाइट’ गट म्हणायचं. औषध त्यांनाही द्यायचं, त्यांच्यावर विषाचा परिणाम झाला तरी तो मुख्य निकालात धरायचा नाही. लहान नमुन्यांचं तंत्र आल्यावर या गटाची गरजच उरेनाशी झाली. मुख्य गटातल्याच जनावराकडून ५० मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी रक्त घ्यायचं. ज्याच्या यकृतावर परिणाम दिसला त्याच रॅटच्या रक्तात औषध किती होतं, हे थेट जुळवून बघता येतं. २०१७ मध्ये १९९४ च्या तत्त्वाला जोडून याची प्रश्नोत्तरंही निघाली आणि लहान नमुने नियामकांना चालतात, हे स्पष्ट झालं. मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. आपली कॉलेजं आणि छोट्या संस्था मागे राहिल्या.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो, ते बघण्यासारखं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्ये असं सांगितलं आहे, की गिनीपिग, ससे, बेडूक, रॅट अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. हेतू चांगलाच. पण प्राणी जितका लहान तितकं त्याचं रक्त कमी, आणि जुन्या यंत्राची भूक मात्र तेवढीच. कुत्र्याच्या पायातून दोन-दोन मिलिलिटर आठ वेळा काढले तरी त्याला फारसा फरक पडत नाही. एका कुत्र्याचा पूर्ण आलेख मिळतो. त्याच यंत्रासाठी उंदीर घेतले की एकाच्या जागी चोवीस लागतात. कायद्याने आपल्याला लहान प्राण्याकडे पाठवलं आणि लहान नमुना मोजायची सोय आपण केली नाही. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राणीप्रयोगांसाठी तीन गोष्टी मांडल्या: शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. प्रत्येक नीतिसमितीच्या बैठकीत ही त्रिसूत्री म्हटली जाते. त्यातलं ‘संख्या कमी करा’ हे यंत्रावर अवलंबून आहे, ही गोष्ट बैठकीत क्वचितच निघते.

रक्ताच्या टंचाईचा हा प्रश्न उंदरांपुरता नाही, म्हणून तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६३ मध्ये रॉबर्ट गथ्री या अमेरिकन डॉक्टरांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून जन्मजात आजार शोधायची पद्धत मांडली. आज जगभर कोट्यवधी बाळांची तपासणी त्याच वाळलेल्या थेंबातून होते. उंदरांच्या प्रयोगशाळांनी हीच युक्ती कित्येक वर्षांनी उचलली. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात नव्वद मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. त्याला जंतुसंसर्ग झाला की जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिनसारखी औषधं देतात. ती कमी पडली तर जंतू वाढतात, जास्त झाली तर किडनीला आणि कानाला धोका. त्यांची पातळी पुन्हा पुन्हा बघावी लागते, आणि दर वेळी मिलिलिटरभर रक्त काढत राहिलं तर त्या बाळाला रक्त चढवायची पाळी येते. वीस मायक्रोलिटरमध्ये औषध मोजता येणारी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असली, तर सकाळी उंदरांचे नमुने मोजणारे हात दुपारी नवजात कक्षाचे नमुने मोजू शकतात. त्यासाठी पद्धतीची वेगळी प्रमाणितता आणि वैद्यकीय प्रयोगशाळेची मान्यता लागेल, हे खरं. पण यंत्र तेच आणि कौशल्यही तेच.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक मला खरोखर अवघड वाटतो. चोवीस उंदरांना एकेकदा टोचणं वाईट, की चौघांना आठ-आठ वेळा? संख्या कमी करताना एकेका जिवाच्या वाट्याचा त्रास आपण वाढवतो आहोत का? उंदीर हातात धरला की घाबरतो, त्याच्या अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात, आणि पुन्हा पुन्हा धरलं तर त्याचा परिणाम निकालावरही होऊ शकतो. माझं उत्तर असं आहे. शेपटीची एकच चीर, पुढच्या वेळी तिच्यावरची खपली ओल्या कापसाने हलकेच काढून घेतलेला थेंब, आणि रोज हाताळून माणसाळलेला उंदीर, असं असेल तर चौघांचा मार्ग मला मान्य आहे. डोळ्याच्या कोपऱ्यातून नळी घालून वारंवार रक्त काढायचं असेल तर अजिबात नाही. ती पद्धत आपल्याकडे अजून सर्रास शिकवली जाते आणि ती बंद झाली पाहिजे. जिथे हात तयार नाहीत तिथे मधला मार्ग घ्यावा, आठ उंदीर आणि प्रत्येकाचे चारच नमुने. तरीही चोवीसपेक्षा सोळा कमी.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. वाळवलेल्या थेंबात रक्ताच्या घट्टपणाचा फरक पडतो. ज्याच्या रक्तात पेशी जास्त त्याचा थेंब कागदावर कमी पसरतो आणि ठरावीक आकाराचा तुकडा कापला की आकडा चुकतो. हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणून ठरावीक आकारमानाचंच रक्त शोषून घेणारी टोकं आली आहेत. शिवाय पूर्ण रक्तातली पातळी आणि प्लाझ्मातली पातळी एकच नसते, ते गुणोत्तर प्रत्येक औषधासाठी आधी काढावं लागतं. आणि नमुना एवढासाच असल्यामुळे पुन्हा तपासायला काही उरत नाही. या तिन्ही अडचणींवर काम करावं लागतं, पण त्यातली एकही चोवीस उंदरांचं समर्थन होऊ शकत नाही.

काहींना हे सगळंच निरर्थक वाटतं. प्राणीच वापरू नका, म्हणतात. ती दिशा मलाही हवी आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधांसाठीची प्राणीचाचण्यांची सक्ती कायद्यातून काढली. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या, चिपवरच्या आणि संगणकीय पद्धतींना जागा मिळाली. पण संगणकातलं प्रारूप खरं की खोटं हे ठरवायला आज तरी प्राण्यांच्या आणि माणसांच्या रक्तातल्या खऱ्या पातळ्याच लागतात. जे प्राणी आज वापरले जाताहेत त्यांच्यातून नीट, पूर्ण, एकेका प्राण्याचे आकडे मिळाले, तर उद्याचे प्राणी वाचवणारी प्रारूपं लवकर उभी राहतील.

राहिला पैसा. एलसी-एमएसची किंमत कोटींच्या घरात जाते, वर नायट्रोजन, देखभालीचा करार, वातानुकूलन, प्रशिक्षित माणूस. प्रत्येक फार्मसी कॉलेजने ते घ्यावं असं म्हणणं वेडेपणाचं होईल. तशी गरजही नाही, कारण नमुना प्रवास करू शकतो. माझ्या प्लाझ्माच्या नळ्यांना उणे वीस अंश तापमान लागत होतं आणि एका रात्रीच्या भारनियमनात त्या गेल्या. वाळवलेलं रक्त, औषध टिकाऊ असेल तर, सिलिकाच्या पुडीसोबत पाकिटात घालून साध्या टपालाने जातं. कोरडा बर्फ नको, फ्रीझर नको. नंदुरबारच्या किंवा लातूरच्या कॉलेजात घेतलेला थेंब पुण्याला किंवा मुंबईला दोन-तीन दिवसांत पोचेल. बाहेरच्या संशोधकांना महागडी यंत्रं वापरू देण्याची केंद्रं आपल्या देशात आहेत, पवईच्या आयआयटीत आहे, आणि २०२० पासून केंद्र सरकारने अशा यंत्रांची माहिती एका पोर्टलवर आणली आहे. त्याच धर्तीवर महाराष्ट्रात प्राण्यांच्या रक्तातली औषधं मोजणारी तीन-चार केंद्रं हवीत. त्यांनी नुसतं यंत्र भाड्याने देऊ नये. पद्धत बसवून द्यावी आणि ती तपासूनही घ्यावी. आणि प्राणीगृहातल्या माणसांना शेपटीतून रक्त घेण्याचं प्रशिक्षण तिथेच मिळावं. आमचे मामा उंदीर असा अलगद धरायचे की तो हातात झोपायचा. त्यांना कुणी सुई दिली नाही, ती माझ्या हातात होती आणि माझा हात थरथरत होता.

यातल्या एका गोष्टीसाठी मात्र पैसा लागत नाही आणि कायदाही बदलावा लागत नाही. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिसमितीवर एक बिगरशास्त्रज्ञ सदस्य असतो. बहुधा वकील, शिक्षक किंवा सामाजिक कार्यकर्ता. अर्जात रक्त किती काढणार आणि कुठून काढणार हे लिहिलेलं असतं, आणि तांत्रिक बाब म्हणून हा सदस्य बऱ्याचदा गप्प बसतो. त्याने पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं: तुमच्या यंत्राला एका नमुन्यात किती रक्त लागतं, त्याहून कमी रक्तात मोजणारं यंत्र जवळपास कुठे आहे, आणि तिथे पाठवलं तर किती प्राणी कमी लागतील? ‘आमच्याकडे तेवढंच यंत्र आहे’ असं उत्तर आलं, तर ते इतिवृत्तात तसंच लिहून घ्यायला लावावं, शेजारी प्राण्यांचा आकडा टाकून.